बरोबर की चूक, एवढंच सांगा

...आणि वर म्हणायचं काय, तर 'काका, एक छोटासाच प्रश्न आहे!' छोटासाच! अहो, तुम्हाला सांगतो, मी तोंडात ब्रश धरून उभा, फेस हनुवटीवरून गळ्याकडे निघालेला, आणि दारात कोण, तर कोपऱ्यावरचे औषधवाले! इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून बसवलेला भांग, हातात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पुडी... ती आपली नावाला हो! खरं काम वेगळंच. विचारतात काय, तर 'काका, सिन्स मॉर्निंग म्हणायचं की फ्रॉम मॉर्निंग?' आता बोला! सकाळच्या वेळी माणसाला भूक लागावी, जांभई यावी, फार तर वैराग्य यावं... पण सिन्स आणि फ्रॉम? मी ब्रशकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, 'सावकाश, सावकाश, मला घाई नाही.' त्यांना घाई नाही! दाढी माझी राहिली, चहा माझा गार झाला, आणि घाई यांना नाही!

मुळात माझा गुन्हा काय? तर मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हेडक्लार्क होतो. बस. लोकांना पाणी का मिळणार नाही, हे उभा जन्म मी त्यांना सुंदर इंग्रजीत कळवत आलो. निवृत्त झालो, निरोपाच्या भाषणात साहेबांनी माझ्या जागी दुसऱ्याचंच नाव घेतलं, मी घरी आलो, पाय पसरले आणि म्हटलं, सुटलो! तेवढ्यात आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आले. टाकी धुणार म्हणून पाणी बंद राहील, अशी नोटीस त्यांनी इंग्रजीत लिहिली होती. म्हणाले, 'जरा नजर घाला.' मी घातली. नजर कसली, हातच घातला! त्यात दोन ठिकाणी 'हिअरबाय' बसवलं, शेवटी 'रिग्रेटेड' टाकलं, आणि मधलं एक वाक्य असं लांबवलं की ते पहिल्या मजल्यावर सुरू करावं आणि तिसऱ्यावर संपवावं. दुसऱ्या दिवशी जिन्यात ही गर्दी! लोक वाचतायत, मान डोलावतायत, पुन्हा वाचतायत. कोणाला काही समजलं नाही. बादल्या कोणी भरून ठेवल्या नाहीत, इमारत दिवसभर कोरडी... पण माझी पत काय वाढली म्हणता! समजलं असतं तर कोणी विचारलं नसतं हो! त्या दिवसापासून मी ग्रामरकाका.

मग सुरू झाली रीघ. भाजी घ्यायला उभा आहे, मागून आवाज, 'काका, छोटासाच प्रश्न...' केस कापायला बसलोय, मान खाली, मानेवर वस्तरा, आणि न्हावी विचारतो, 'काका, ऑनेस्टला अॅन लावतात, मग युनिव्हर्सिटीला अ का? तिथं तर यू आहे ढळढळीत!' अशा अवस्थेत माणूस काय उत्तर देणार? मी म्हटलं, 'तुमचं बरोबर आहे.' वस्तरा मानेवर असताना सगळ्यांचंच बरोबर असतं! आणि खरं सांगू, त्या एचचं मला पहिल्यापासून कौतुक आहे. ऑनेस्टमध्ये आहे, पण बोलायचा नाही. अवरमध्ये आहे, पण बोलायचा नाही. आमच्या कचेरीत असे निम्मे लोक होते. हजेरीपटावर आहेत, खुर्चीवर कोट आहे, माणूस नाही!

पण एक गोष्ट तुम्हाला सांगतो, कानात ठेवा. इंग्रजीचा प्रश्न विचारणारा माणूस इंग्रजीचा प्रश्न विचारतच नसतो. तो भांडून आलेला असतो! वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं घ्या. तो एकटा येऊन विचारतो, 'काका, इन द बस की ऑन द बस?' मी म्हटलं, 'इन म्हणालं कोण?' मान खाली. 'मी.' 'आणि ऑन?' 'ती.' 'हसली का?' 'तिच्या भावासमोर हसली हो, काका!' झालं! याला आता काय इन-ऑन सांगायचं? याला पाणी द्यायचं, पाठीवरून हात फिरवायचा आणि सांगायचं, 'बाबा रे, तू चालत जात जा.'

आणि सांगायचं कसं, याचीही रीत असते. मी कचेरीत नवा होतो तेव्हाच्या हेडक्लार्कांनी मला शिकवलेली. मोठा माणूस! मसुदा करताना अडलो की मी त्यांच्याकडे जायचो, 'अहो, इथं शॅल घालू की विल?' ते चष्मा काढायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे आणि म्हणायचे, 'शंका आली ना? मग वाक्य मोड! दुसरं लिही. शंका असलेलं वाक्य आणि भोक पडलेली छत्री घेऊन माणसानं घराबाहेर पडू नये.' काय बोलले! शॅल की विल कळत नाही? दोन्ही काढा. 'प्रकरण विचाराधीन आहे' लिहा. कोणाचा बाप चूक काढतो? आमच्या कचेरीतून इतका पत्रव्यवहार बाहेर गेला, त्यात व्याकरणाची चूक एकही नव्हती... उत्तरही नव्हतं, तो भाग वेगळा.

तर हीच रीत मी घरी चालू ठेवली. 'हं...' म्हणायचं. चष्मा पुसायचा. 'असं कोण म्हणालं?' विचारायचं. आणि मग म्हणायचं, 'त्यापेक्षा आपण असं लिहू या का?' समोरचा खूश! आमची ही आतून म्हणायची, 'काय हो, त्याला सांगितलंत काय नेमकं?' मी म्हणायचो, 'त्याचं समाधान झालं.' ही म्हणायची, 'भाजीत मीठ आहे का विचारलं तरी तुम्ही वाटी बदलून मागता!' बायकांना मसुद्यातलं काही कळत नाही, असं तेव्हा मी मनात म्हणायचो. मोठ्यानं कधी म्हटलं नाही. तोही मसुदाच.

सगळं सुरळीत चाललं होतं हो! आणि मग एका संध्याकाळी आमची सूनबाई कामावरून आली, पर्स खुंटीला लावली, हात धुतले... ती हात धुते ते बघण्यासारखं असतं, बोटाबोटाच्या बेचक्यातून... आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. 'बाबा, तुमच्याकडे काम आहे.'

आता ही कोण, ते सांगतो. आमची सून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. सगळ्यांत जुनी, सगळ्यांत तरबेज. शीर सापडत नाही म्हणून सगळ्यांनी हात टेकलेला माणूस हिच्याकडे आणतात. ही त्याच्याशी गप्पा मारते, तो 'कधी टोचणार?' विचारतो, ही म्हणते, 'टोचून झालं, उठा.' लॅबची प्रमुख व्हायची ती हीच, असं सगळे धरून होते. पण त्या जागेसाठी खात्याची परीक्षा, आणि तीत एक पेपर इंग्रजीचा. अहवालावर शेरे लिहावे लागतात ना! गेल्या खेपेला बाकी सगळ्यात पहिली आणि इंग्रजीत नापास. जागा तशीच रिकामी राहिली. आता पुन्हा परीक्षा, आणि या वेळी हिच्या हाताखालची एक मुलगीही बसणार होती. चुणचुणीत, इंग्रजी फाडफाड. सूनबाई म्हणाली, 'बाबा, सुई कशी धरायची ते तिला मी शिकवलं. मुलगी गुणी आहे, माझं काही म्हणणं नाही. पण उद्या तिलाच मी मॅडम म्हणायचं?'

आमची ही लगेच पदराला हात पुसत बाहेर. 'अगं, घरात एवढे ग्रामरकाका बसलेत! सगळी गल्ली यांच्या दारात, आणि तू मेली क्लास लावायला निघालीस?' तिच्या आवाजात किती टक्के अभिमान आणि किती टक्के खोडी, हे लग्नापासून मला कळलेलं नाही.

सूनबाईनं पुस्तक उघडलं. 'बाबा, वन ऑफ माय फ्रेंड, की वन ऑफ माय फ्रेंड्स?'

मी म्हटलं, 'हं...' चष्मा काढला. पुसला. लावला. 'असं कोण म्हणालं?'

'कोणी नाही. पुस्तकात आहे.'

पहिला वार फुकट! भांडणच नाही तर मिटवणार काय? मी म्हटलं, 'हे बघ, फ्रेंड म्हणायचंच कशाला? त्यापेक्षा आपण असं लिहू, माझ्या परिचयाची एक व्यक्ती...'

'बाबा, लिहायचं नाहीये. चार पर्याय आहेत. एकावर खूण करायची.'

'पाचवा नाही?'

'नाही.'

'वरीलपैकी कोणतंही नाही, असं?'

'बाबा, बरोबर की चूक, एवढंच सांगा.'

बरोबर की चूक! उभ्या नोकरीत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कचेरीत कसं, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असतं. आणि हिच्या लॅबमध्ये कसं, साखर आहे किंवा नाही. 'साखरेचं प्रकरण विचाराधीन आहे' असं रोग्याला सांगून चालेल का? मी म्हटलं, 'फ्रेंड्स.' ती म्हणाली, 'का? एकच आहे ना?' मी म्हटलं, 'कानाला बरं लागतं म्हणून.' ती म्हणाली, 'माझ्या कानाला दोन्ही बरी लागतात, बाबा. म्हणून तर नापास झाले.'

खरंच होतं ते. मला इंग्रजी येतं हो, नाही असं नाही. पुस्तकं वाचली, वर्तमानपत्रं वाचली, साहेबांची लाल पेन्सिल खाल्ली. चूक दिसली की मला दातात खडा आल्यासारखं होतं. पण खडा का लागला, ते सांगता येत नाही! पोहणाऱ्याला विचारा, कसा पोहतोस? तो म्हणतो, पाण्यात पडतो. ही म्हणते, मला पडायचंय, पण आधी कारण सांगा.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप वाचनालयात गेलो आणि शाळेतल्या मुलांचं व्याकरण घेऊन आलो. या वयात! ग्रंथपाल म्हणाल्या, 'नातवासाठी का?' मी म्हटलं, 'हो.' मग सकाळी वर्तमानपत्र पसरायचं आणि आत ते पुस्तक. चांगलं चाललं होतं. आमची ही केर काढता काढता थांबली. 'काय वाचताय?' 'बातम्या.' 'कसल्या?' 'परदेशातल्या.' 'मग ओठ काय पुटपुटतायत? गो, वेंट, गॉन?' मी म्हटलं, 'तिकडचा एक मंत्री गेला.' ही म्हणाली, 'तीनदा?'

आणि त्या पुस्तकात काय दिसावं? नियम एका ओळीचा आणि अपवाद पानभर! आमच्या कचेरीचीच नियमावली कोणीतरी तिकडे पाठवली असावी. नियम असा की, क्रियापद कर्त्याचं ऐकतं. बरं. कर्ता एक तर एकवचन. बरं. मग न्यूज? शेवटी एस, बातम्या ढीगभर, आणि म्हणे एकवचन! ट्राउझर्स? एक पायजमा आणि म्हणे अनेकवचन! मी डोकं धरून बसायचो, आणि दारावर टकटक, 'काका, छोटासाच प्रश्न...' अरे, मी स्वतःच बुडतोय, तुला कुठून काढू?

त्यात ते बोर्डाचं प्रकरण. औषधवाले आणि आमचे टेलरमास्तर, दोघांची दुकानं भिंतीला भिंत लावून. वर्षानुवर्षांची पद्धत अशी की, हा जेवायला गेला की तो याचं गिऱ्हाईक थांबवून ठेवणार, तो गेला की हा. मग औषधवाल्यांना हौस आली, त्यांनी इंग्रजी बोर्ड रंगवून आणला, 'क्लोज फॉर लंच'. मास्तर तोंडात टाचण्या धरून म्हणाले, 'क्लोज नव्हे, क्लोज्ड.' औषधवाले म्हणाले, 'तुम्ही बटणं लावा!' झालं! बोलणं बंद. दोघंही वेगवेगळे माझ्याकडे येऊन गेले. औषधवाल्यांना मी म्हटलं, 'तुमचा विचार अगदी सरळ आहे.' मास्तरांना म्हटलं, 'तुमची नजर म्हणजे काय, उसवलेला टाका लगेच दिसतो!' दोघं खूश होऊन गेले. मी कोणालाही उत्तर दिलं नव्हतं, हे देव जाणतो. पण माणसं मसुदा नीट वाचत नाहीत.

आणि एका संध्याकाळी, सूनबाई टेबलाशी पुस्तक घेऊन बसलेली, मी समोर, आणि दारात दोघं! एकदम! मास्तरांच्या गळ्यात टेप, औषधवाल्यांच्या काखेत बोर्ड.

'काका, तुम्ही म्हणालात ना मी बरोबर आहे म्हणून?'

'काका, तुम्ही मला म्हणालात!'

'मला म्हणाले!'

'मला आधी म्हणाले!'

मी चष्मा काढला. पुसायला सुरुवात केली. खूप वेळ पुसला. काच झिजली असेल, पण दोघं हलेनात! मी म्हटलं, 'हं...' आणि तेवढ्यात टेबलाकडून आवाज आला, 'क्लोज्ड पाहिजे.'

सुई टोचल्यासारखा आवाज. कळायच्या आत काम झालेलं! सूनबाईनं पुस्तकातून मान वर केली, म्हणाली, 'दुकान बंद केलेलं आहे, म्हणून क्लोज्ड. बोर्डावर चूक आहे. मास्तरांचं बरोबर.' आणि मान खाली.

औषधवाल्यांचा चेहरा पडला, ते ठीक. पण तुम्हाला सांगतो, जिंकलेल्या मास्तरांचाही पडला! त्यांना बरोबर ठरायचं होतं, पण असं नव्हतं ठरायचं. औषधवाले बोर्ड उलटा करून छातीशी धरून उभे. लहान मुलाची पाटी असते तसा. मास्तर टेपशी चाळा करत म्हणाले, 'तसं... क्लोज म्हटलं तरी लोकांना कळतंच म्हणा.' औषधवाले म्हणाले, 'नको. उपकार नकोत.'

मग मात्र मला राहवेना. मी औषधवाल्यांना म्हटलं, 'काय हो, हा बोर्ड नव्हता तेव्हा तुम्ही जेवायला गेलात की गिऱ्हाईकाला कोण सांगायचं?' मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, 'मी सांगायचो. बसवून ठेवायचो. पाणीसुद्धा द्यायचो.' मी म्हटलं, 'मग क्लोज कशाला आणि क्लोज्ड कशाला? मोडा ते वाक्य! लिहा, आस्क द टेलर. शिंप्याला विचारा. संपलं!'

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. औषधवाले घसा खाकरून म्हणाले, 'त्याचं नाव बोर्डावर? रंगारी वेगळे पैसे घेईल.' मास्तर म्हणाले, 'रंग माझ्याकडे पडलाय.' निघाले की हो दोघं! जिन्यात पोचले, आणि औषधवाले परत दारात. 'काका, छोटासाच प्रश्न... द टेलर की अ टेलर?' आता बोला! मी तोंड उघडायच्या आत टेबलाकडून आवाज, 'द!' आणि ते गेले.

मी वळलो तर सूनबाई माझ्याकडे बघत होती. रोग्याला 'उपाशीपोटी आलात का?' विचारताना बघतात तसं. म्हणाली, 'बाबा, क्लोज्ड पाहिजे हे तुम्हाला माहीत होतं?'

'होतं.'

'मग सांगितलं का नाही?'

'सांगितलं असतं तर एक दुकान जिंकलं असतं आणि दोन शेजारी गेले असते.'

तिनं मान हलवली. पटलं असावं. मग पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, 'आणि हे? ईच ऑफ द गर्ल्स हॅव की हॅज, हे काल विचारलं तर तुम्ही म्हणालात, परवा सांगतो. हेही माझ्या भल्यासाठीच का?'

काय सांगू तुम्हाला... समोर तिचं ते रिकामं पान, पेन्सिल टोक काढून ठेवलेली. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की या पोरीला मी आठवडाभर विचाराधीन ठेवलंय! परीक्षा तोंडावर, जागा हिची, हात हिचा, आणि मी हिला पाणी नसलेल्या नळाचं पत्र पाठवतोय! मी चष्मा काढला. पुसला नाही. खाली ठेवला. म्हटलं, 'सूनबाई, हॅज. पण का, ते मला माहीत नाही. मला कधीच माहीत नव्हतं.'

मला वाटलं, आता घर कोसळेल. काही कोसळलं नाही. आतून आमच्या हिचा आवाज आला, 'चहा टाकू का?' आणि सूनबाईनं काय करावं? हसली! खुर्चीत मागे रेलली आणि पोटभर हसली. म्हणाली, 'बाबा, मला वाटत होतं सगळ्यांना येतं आणि मीच ढ आहे. तुम्हालाही का माहीत नाही? मग चला, दोघं मिळून तपासू!'

आणि मग आमची लॅब सुरू झाली. हो, लॅबच! तिनं पद्धत काढली. मी वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि खडा लागला की टेबलावर बोट वाजवायचं. बस, तेवढंच माझं काम. नमुना मिळाला! मग ती पुस्तकात घुसून कारण शोधायची. 'सापडलं, बाबा! ईच म्हणजे एकेकटी. गर्ल्सकडे बघायचंच नाही, ईचकडे बघायचं!' मी म्हणायचो, 'असं होय! एवढी वर्षं बरोबर लिहिलं, आज कळलं का ते!' नळाला पाणी येतं हे ठाऊक होतं, टाकी कुठे आहे ती आज दाखवली पोरीनं.

भांडणंही झाली. झालीच! डिस्कस अबाउट म्हटलं की माझं बोट आपोआप वाजायचं, तिला ते गोड लागायचं. ती म्हणायची, 'अहो, कशाबद्दल चर्चा, ते नको सांगायला?' मी म्हणायचो, 'डिस्कसच्या पोटात अबाउट आहे, पुन्हा वरून कशाला?' आमची ही चहा ठेवून म्हणायची, 'तुमच्या दोघांत मला कोणी डिस्कस करायला घेतलं नाही ते बरं!' आणि एका वाक्यावर तर माझा कान एक म्हणाला आणि पुस्तक दुसरंच. मी म्हटलं, पुस्तक चुकलंय. ती म्हणाली, कान म्हातारा झालाय. अशी जुंपली, अशी जुंपली, की मुलगा कामावरून आला आणि काहीतरी गंभीर झालंय समजून पाय न वाजवता आत गेला!

परीक्षेच्या दिवशी मी दारापर्यंत गेलो. 'शंका आली तर...' म्हटलं आणि जीभ चावली. वाक्य मोडायची सोय कुठे होती? ती म्हणाली, 'शंका आली तर तुमच्यासारखं मनात मोठ्यानं वाचीन, बाबा.' मनात मोठ्यानं! हे व्याकरणात बसतं का, माहीत नाही. मी बोट वाजवलं नाही.

निकाल लागेपर्यंत मी वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होतो. आणि लागला. पास! नुसती पास नाही, चांगली पास! लॅबची प्रमुख! ती हाताखालची मुलगीही पास झाली, लॅबमध्येच पेढ्यांचा पुडा घेऊन आली, वाकून म्हणाली, 'मॅडम, सही तुमचीच शोभते.' सूनबाई घरी आल्यावर मी पहिलं काय विचारलं? 'ते आपल्या भांडणाचं वाक्य आलं होतं का गं?' 'आलं होतं.' 'मग? कानाचं ऐकलंस की पुस्तकाचं?' म्हणाली, 'सांगणार नाही.' अजून सांगत नाही हो! जेवताना विचारलं, फिरताना विचारलं, सर्दीनं आजारी पडलो तेव्हा शेवटची इच्छा म्हणून विचारलं... नाही!

आता तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं. गल्लीत बातमी पसरली की खरं इंग्रजी काकांना नाही, वहिनींना येतं, परीक्षा दिलीय. म्हटलं, चला, आता रीघ तिकडे वळेल, आपण निवांत दात घासू. वळलीही. लोक जायचे, 'वहिनी, छोटासाच प्रश्न...' ती अर्धा प्रश्न ऐकून म्हणायची, 'चूक.' किंवा म्हणायची, 'बरोबर.' पुढचा! दोन मिनिटांत दार मोकळं. आणि लोक जिन्यात उभे राहायचे... तपासणी झाली, पण डॉक्टर बोललेच नाहीत, अशा चेहऱ्यानं. शेवटी न्हावीच म्हणाला मला, 'काका, वहिनींचं उत्तर पक्कं असतं हो, पण बरं वाटत नाही.'

मग काय, मार्ग निघाला. मार्ग मी नाही काढला, घरातल्या वरिष्ठांनी काढला. आता आमच्या घरी दोन टेबलं आहेत. आतल्या टेबलावर निकाल मिळतो, बाहेरच्या टेबलावर समजूत. चुकलेला माणूस आतून बाहेर येतो, मी त्याला बसवतो, विचारतो, 'हसलं कोण?' आणि पाणी देतो. बरं, हे गल्लीपुरतं असतं तर एक वेळ ठीक. गेल्या सुट्टीच्या दिवशी दार उघडतो तो काय, लॅबमधली सगळी माणसं रांगेनं उभी! हातात अहवाल, अहवालांवर लाल पेन्सिल! सूनबाई म्हणाली, 'बाबा, यांचे शेरे तपासून झालेत. जरा मनाला लावून घेतलंय सगळ्यांनी. तेवढं तुम्ही बघा.' आणि आत निघून गेली. मी उठलोच की हो, आपोआप! 'बरं, मॅडम' म्हणून!

वाईट चाललंय असं नाही. चहा वेळेवर मिळतो, माणसं येतात, घर भरलेलं असतं, ऐकायला भांडणं असतात. पण उभा जन्म एका साहेबाच्या हाताखाली काढला, निवृत्तीनंतर आपण आपले मालक, असं ठरवलं होतं... आणि आता बघतो तर पुन्हा कामावर, तेही सुनेच्या कचेरीत! कधी कधी मनात येतं, सरळ इंग्रजीत बदलीचा अर्ज लिहावा. काल लिहिलाही. चांगला झाला होता... पण पाठवायच्या आधी तपासून घ्यायला दिलाय आतल्या टेबलावर.